‘की’चा हेल

बॅलीडारा गावात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. कुणी कसली गळ घातली की गावकरी मान डोलावून म्हणतो, "येतो की!" त्या ‘की’ला एक हेल असतो. तो कानावर पडला की समोरच्याने समजून जायचं, हा बाबा काही येत नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं.

नोरीनला कळलं नाही. ती पडली बॉस्टनची.

मॅलकी डेव्हेनच्या दाराशी ती आली किल्ल्याची चावी मागायला. किल्ला कसला, नदीकाठचा एक चौकोनी बुरूज आणि भोवती पडक्या भिंती. पण त्याची चावी आजोबांच्या काळापासून डेव्हेनांच्या घरी. बघायला येईल त्याने दार वाजवायचं, चावी न्यायची, आणून द्यायची. मॅलकी स्वतः मात्र तरुणपणापासून पुन्हा कधी वर चढला नव्हता.

"मी फिंटनची मुलगी," ती म्हणाली. "बाबा गेले हो काका. नाताळच्या आधी."

म्हाताऱ्याने चौकट धरली. फिंटन त्याचा पाठचा भाऊ. अमेरिकेला गेला तो गेलाच.

"चहा घेशील?" एवढंच त्याला सुचलं.

चहा झाला, ब्रेडलोणी झालं. मग ती म्हणाली, "बाबा सांगायचे, बुरुजावरून आपलं शेत दिसतं. उद्या सकाळी चावी घेऊन याल? मला एकटीला नाही जायचं वर."

"येतो की," मॅलकी म्हणाला आणि कपबशा उचलायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो असम्प्टाच्या दुकानात पाव घ्यायला गेला, तर ती काउंटरमागून त्याच्यावर धावूनच आली.

"काय रे मॅलकी, लाज आहे का? ती पोर सकाळपासून किल्ल्याच्या फाटकाशी भिजत उभी आहे. म्हणते, काका येतो म्हणालेत!"

"मी ‘येतो की’ म्हणालो होतो."

"तिला काय ठाऊक तुझा ‘की’? तिने शब्द धरला तुझा! जा आता. निमोनियाने मेली तर मयताला येणाऱ्यांची सँडविचं मलाच करावी लागतील."

मॅलकी गेला. करतो काय? फाटकाशी ती ओलीचिंब उभी होती, आणि त्याला बघून तिचं तोंड असं उजळलं की तो शरमून मेला. त्याने कुलूप काढलं. अंधाऱ्या गोल जिन्यात दोराला धरून दोघं चढले, तो धापा टाकत, ती पाठीमागून सावरत.

वर वारा होता. खाली नदी, पलीकडे डेव्हेनांचं शेत. मॅलकी कठड्याला टेकला आणि इतकी वर्षं गिळलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"इथंच मला नाही म्हणाला तुझा बाप. निघायच्या आदल्या दिवशी. मी विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात गवत कापायला येशील ना रे? तर नदीकडे बघत म्हणतो, येतो की! सरळ सांगायचं होतं ना, की येत नाही म्हणून. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही मी."

नोरीन एकदम त्याच्याकडे वळली.

"नाही कुठे म्हणाले? काका, बाबा दर मे महिन्यात माळ्यावरून बॅग काढायचे. म्हणायचे, गवत कापायला येतो असा शब्द दिलाय मी मॅलकीला. पण तो रागावलाय, बोलावल्याशिवाय कसं जाऊ? मग रोज टपालाची वाट बघायची. उन्हाळा सरला की आई बॅग परत माळ्यावर टाकायची."

मॅलकी आठवायला लागला. ‘की’ला हेल होता का? वारा तर त्या दिवशीही असाच होता, आणि फिंटनचं तोंड पलीकडे. इतकी वर्षं रोज ऐकलेला तो हेल, आता काही केल्या आठवेना.

"अरे देवा," तो म्हणाला, "काय गाढव आहे मी!" आणि पुतणीच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला.

दुपारी असम्प्टाने दोघांना स्टोव्हजवळ बसवून गरम सूप दिलं, आणि वर नोरीनला गावच्या ‘की’चे धडेही दिले. बसची वेळ झाली तशी नोरीन उठली.

"काका, बॉस्टनला याल? आईला फार बरं वाटेल."

"येतो की," मॅलकी सवयीने बोलून गेला.

पोरीचा चेहरा पडला. ती कोटाची बटणं लावू लागली. असम्प्टाने कपाळावर हात मारला.

"तसं नव्हे गं," मॅलकी घाईघाईने म्हणाला. "येतो. नुसतं येतो."

तरी तिची नजर साशंकच. तेव्हा त्याने खिशातून किल्ल्याची चावी काढली आणि असम्प्टापुढे काउंटरवर ठेवली.

"मी बॉस्टनहून परत येईपर्यंत ही तुझ्याकडे असू दे," तो म्हणाला.