वळणावर गचके खाणारी गाडी

सासऱ्यांच्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन जावयानेच ट्यून केलं होतं, त्यामुळे तक्रार घेऊन दुसरीकडे जायची सोय नव्हती. जुना कार्ब्युरेटर काढून त्याने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलं होतं. किती हवेला किती पेट्रोल मिळणार हे आता लॅपटॉपवरच्या आकड्यांवर ठरायचं. गॅरेजमधल्या रोलरवर, एकाच ठिकाणी चाकं फिरवून पाहताना, गाडी झकास ओढायची. रस्त्यावर मात्र वळणातून बाहेर पडताना गचके खायची. इंजेक्शनं माणसांना टोचायची असतात, गाड्यांना नव्हे, असं सासरे येईल त्याला ऐकवत होते.

जावयाने पेट्रोल वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, सेन्सर बदलला. सगळ्या वायरी उचकटून पुन्हा जोडल्या. गचका जागच्या जागी. शर्यत तोंडावर आली होती आणि त्याचं कशातच लक्ष लागेना. जेवताना तो बोटाने टेबलावर आकडे गिरवायचा. बायको पाण्याचा पेला त्याच्या कोपरापासून लांब सरकवायची. सकाळी डोळे उघडायच्या आत सासऱ्यांचा फोन ठरलेला.

त्या दिवशीही तो मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसला. वळण आलं, गाडीने गचका खाल्ला. वैतागून त्याने पडद्यावरची नजर काढली, ती सहज खाली गेली. सासऱ्यांचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरून घसरत होता, चाचपडत पुन्हा वर येत होता.

त्याने लॅपटॉप मिटला. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. ती म्हणाली, उद्या मी चालवून बघते. ती बापाच्याच हाताखाली गाडी शिकलेली.

दुसऱ्या दिवशी सासरे मागे बसले, लेक स्टिअरिंगवर, जावई तिच्या शेजारी. ती वळणं सपासप कापत गेली. गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. परत गॅरेजच्या दारात थांबल्यावर तिने इंजिन बंद केलं.

"पायाचा तळवा बधिर झालाय," सासरे मागून म्हणाले. "पेडल कुठे आहे ते कळत नाही."

"कधीपासून, बाबा?" लेकीने मान न वळवता विचारलं.

"बरेच दिवस झाले. वाटलं, इंजिनातच काही निघालं तर बरं." मग जावयाकडे वळून ते म्हणाले, "तुझ्या त्या आकड्यांत पायासाठी काही करता येतं का रे?"

आकडे बदलून पेडलचा प्रतिसाद सौम्य करता आला असता. जावयाच्या ओठांवर आलंही होतं.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "डॉक्टरांकडे जाऊ."

नस दबली होती. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला लावलं आणि इलाज सुरू केला; पाय किती सुधारेल, याची खात्री काही दिली नाही. शर्यतीत लेक उतरली. सासऱ्यांना खुर्ची दिली होती, पण ते कठड्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत येरझारा घालत राहिले. इंजिनाचा आवाज डोंगराआड गेला की थबकायचे, ऐकू आला की पुन्हा चालू लागायचे. जावई त्यांच्यामागून चालत होता.

ती चौथी आली. तिने हेल्मेट काढायच्या आत सासरे गाडीशी पोचले.

"ब्रेक उशिरा मारतेस," ते म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर ठेवलेला हात त्यांनी काढला नाही.