चाकांवरचं सागवान

सावली गावचे बाबूभाई मनेरीवाले दर पंधरवड्याला जीपमध्ये बांगड्या, कंगवे, रिबिनी आणि पावडरचे डबे भरून जंगलातल्या आठवडी बाजारांना जायचे. परत आले की हातपाय धुण्याच्या आधी हाल सांगायला बसायचे.

"जीपखाली पोतं हातरतो अन् झोपतो," ते सांगायचे. "रातच्याले अस्वल येते. तळपाय हुंगते, मंग जाते. खायले मुरमुरे, प्यायले नाल्याचं पाणी. काय करता, धंदा हाये."

हे ऐकताना त्यांच्या बायकोच्या, हाजराच्या डोळ्यांना धार लागायची. ती पातेल्यात पळी फिरवून रश्श्यातलं नळीचं हाड शोधायची आणि त्यांच्या ताटात वाढायची. पुढचे काही दिवस त्यांना कुणी साधं दळणसुद्धा आणायला सांगायचं नाही.

खरी गोष्ट अशी, की बाबूभाई जीपखाली झोपले होते ते एकदाच, अगदी पहिल्या फेरीला. अस्वल म्हणून जे आलं होतं ते गावातलं डुक्कर होतं. सकाळी इरुमगुड्याच्या सोमारी नावाच्या म्हातारीने त्यांना जीपखालून बाहेर काढलं, पाहुण्याला मातीत झोपू दिलं म्हणून साऱ्या गावाला फैलावर घेतलं, आणि तेव्हापासून बाबूभाईंचा मुक्काम तिच्या पडवीत. विणलेली खाट, जाडजूड घोंगडी, अंघोळीला चुलीवरचं कढत पाणी. कोंबडी बाबूभाई स्वतःच्या हाताने हलाल करून द्यायचे आणि सोमारी ती शिजवायची. आलापल्लीहून एक कापसाची उशीही त्यांनी तिथे नेऊन ठेवली होती. पण एकदा घरी सांगितलेलं अस्वल परत कसं घेणार? शिवाय नळीच्या हाडाची चटक लागली होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग हाजरा भावाकडे चिमूरला गेली. तिथे गावाबाहेर जमिनीतलं खनिज शोधणाऱ्या साहेबलोकांचा तळ पडला होता, आणि त्यांच्या एका जीपमागे चाकांवरची खोली जोडलेली होती. आत पलंग, खिडकीला पडदा, भिंतीला घडीचं टेबल. हाजरा ती खोली आत-बाहेर करून पाहून आली आणि घरी येताच तिने पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगून टाकलं.

"आपल्याले तसं घर पायजे. जीपमागे जोडाचं. तुमी तिथी अस्वलाच्या तोंडी झोपून राह्यले अन् मी इथी गादीवर. मले घास जात नाई."

"अवं, मले सवय हाये," बाबूभाई म्हणाले.

"मले नाई. अन् मी बी येईन संग. आपल्या सायमाचं लगीन झालं, पोरगी सासरी गेली, आता इथी कोणासाठी बसू? इतके वर्सं पेट्या मी भरून दिल्या. त्या बांगड्या कोणाच्या हातात जातात ते मले एकडाव पायजे."

 हाजरा एकदा इरुमगुड्याला पोचली की खाट, घोंगडी, उशी आणि सोमारी, सगळंच तिच्यासमोर येणार. म्हणजे घर न्यायचं नाही. पण का न्यायचं नाही, ते सांगायची सोय नव्हती. घराची गरज नाही म्हणावं, तर अस्वलाचं काय झालं?

मग त्यांनी रस्त्यांना कामाला लावलं. जंगलात दोन झाडांमधून जीप जेमतेम निघते, मागचं घर अडकेल, असं सांगितलं. हाजराने घराची रुंदी इतकी कमी धरली, की आतल्या पलंगावर एकाने कूस बदलली तर दुसऱ्यालाही बदलावी लागली असती. नाल्याच्या रेतीत चाक फसेल, म्हणाले. ढकलायला मी आहे, ती म्हणाली. शेवटी बाबूभाईंनी ठेवणीतला मुद्दा काढला. जोडलेली गाडी मागे घेता येत नाही, जीप डावीकडे वळवली की ती उजवीकडे जाते. नुसतं सांगून भागेना, म्हणून शेजारच्या वामनरावांची बैलबंडी जीपमागे बांधून त्यांनी गल्लीत प्रयोग करून दाखवला. बंडी वामनरावांच्याच कुंपणात घुसली, त्यांच्या वांग्यांवरून गेली आणि मोरीत जाऊन बसली. बाबूभाई घाम पुसत खाली उतरले. इतके खूश ते कितीतरी दिवसांत झाले नव्हते.

"पायलं?" ते म्हणाले.

"पायलं," हाजरा म्हणाली. "पण आपल्याले मागं कायले याचं हाये? आपल्याले तं समोर जाचं हाये."

गल्लीतल्या बायांना हे पटलं. वामनरावांनाही पटलं, वांग्यांचं नुकसान बाजूला ठेवून. बाबूभाई एकटे पडले.

तेव्हा त्यांच्या डोक्यात सागवान आलं. जंगलाच्या वाटेवर नाके असतात. आडवा दांडा टाकलेला असतो, नाकेदार गाडीत डोकावून पाहतो, आणि सागवानाचा तुकडा दिसला की पास विचारतो. पास नसेल तर गाडी तिथेच. बाबूभाईंनी या नाक्यांवर भल्याभल्यांच्या गाड्या अडलेल्या पाहिल्या होत्या. ते तडक मुखरू सुताराकडे गेले.

"सगळं सागवानाचं कर," त्यांनी सांगितलं. "तळ, भिंती, पलंग, दार. छपराले तेवढा पत्रा टाक."

"बाबूभाई, जड होते ते," मुखरू म्हणाला. "बाभूळ चालते, पत्रा चालते. सागवान कायले?"

"माझी बायको झोपाची हाये त्यात."

मुखरूकडे एका पाडलेल्या घराची जुनी तुळवटं पडून होती. आजोबा-पणजोबांच्या काळातलं लाकूड, त्याला कागद कुठला असणार? बाबूभाईंना नेमकं तेच हवं होतं. नाक्यावर गाडी अडेल, आपण कपाळाला हात लावू, हाजरा दोन दिवस हळहळेल आणि विषय संपेल. घर तयार झालं तेव्हा हाजरा सागाच्या भिंतीवरून हात फिरवत राहिली. "माझ्यासाठी सागवान?" एवढंच म्हणाली. बाबूभाईंना मनातून लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

उन्हाळा तोंडावर होता, मोहाची फुलं गळायला लागली होती, तेव्हा ते निघाले. हाजराने खिडकीला पिवळा पडदा लावला होता. आणि घर काय चाललं म्हणता! झाडं घासली नाहीत, नाल्यात चाक फसलं नाही. एका उतारावर तर जीप अडखळली आणि मागच्या घरानेच तिला ढकलून पार केलं. बाबूभाईंनी एवढं आज्ञाधारक वाहन जन्मात चालवलं नव्हतं. त्यांची सगळी भिस्त आता नाक्यावर होती.

आलापल्लीच्या बऱ्याच पुढे एका नाक्यावर दांडा आडवा होता. भैयाजी नाकेदार खुर्चीतून उठले, घराला फेरी मारली, भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"सागवान?" त्यांनी विचारलं.

"सागवान," बाबूभाई आनंदाने म्हणाले. "तळापासून. अन् पास नाई माझ्याजवळ. कागदाचा चिटोरा बी नाई."

भैयाजींनी घराकडे पाहिलं, मग जंगलात जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं. मग त्यांनी जाऊन दांडा वर केला.

"जा."

"जा म्हंजे?"

"तुमी आत नेऊन राह्यले ना? आमाले बाहेर जाणारं पकडाचं असते. माझ्या साऱ्या नोकरीत सागवान घेऊन जंगलात जाणारा माणूस मी पायला नाई. त्याच्यासाठी नियम कुठून आणू?"

"असं कसं भैयाजी? बिनपासाचं लाकूड हाये. तुमी पकडा ना मले."

"कायच्यात पकडू? जंगलात लाकूड वाढवलं म्हून?"

बाबूभाईंनी हात जोडले. साहेबांना विचारा म्हणाले. निदान उद्यापर्यंत थांबवून ठेवा म्हणाले. आपल्याला अडवावं म्हणून एवढी गयावया करणारा माणूस भैयाजींनी पाहिला नव्हता, आणि जीपमध्ये बसलेल्या हाजरानेही. मागे दुसरी गाडी येऊन भोंगा वाजवायला लागली. भैयाजींनी हाताने पुढे जायची खूण केली.

"वापस येतानी मात्र सोडणार नाई बरं," ते मागून ओरडले. "वापस येतानी हे जंगलातलं सागवान होते."

 पुढची सगळी वाट हाजरा बोलत होती. पळस दाखवत होती, वाटेवरच्या बायांच्या हातांकडे पाहून "ह्या आपल्याच" म्हणत होती. तिला कधी नव्हे एवढं मोकळं वाटत होतं. तिचा आनंद पाहून बाबूभाईंना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जीप इरुमगुड्यात शिरली तशी सोमारी अंगणात आली. तिने एकदा चाकांवरच्या घराकडे पाहिलं, त्यात फारसं काही पाहण्यासारखं नाही असं ठरवलं, आणि आत जाऊन नेहमीची खाट ओढून आणली.

"बाबू, पाणी तापलं," ती म्हणाली. "तुझी उशी उन्हात टाकली. कोंबडी धरून ठेवली, ये काप."

बाबूभाई जीपचा दरवाजा धरून उभे राहिले. हाजरा उतरली. खाटेपाशी गेली, घोंगडी उचलून पाहिली, ठेवली. मग उशी उचलून नाकाशी नेली. आवळ्याच्या तेलाचा वास होता. तो वास ती लग्न झाल्यापासून घरच्या उशांना धुऊन काढत आली होती. तिने उशी परत नीट खाटेवर ठेवली.

"हाजरा, ते असं झालं का..." बाबूभाई म्हणाले.

"कोंबडी कापा," ती म्हणाली. "म्हातारी थांबून राह्यली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती सोमारीजवळ चुलीपाशी जाऊन बसली. एकीला मराठी अर्धीच येत होती, दुसरीला तिची माडिया बोली अजिबात नाही, तरी दोघी हसत होत्या. कशाला हसतात ते बाबूभाईंना नेमकं कळत होतं. जेवणं झाल्यावर हाजरा हात पुसून उठली आणि खाटेवर जाऊन आडवी झाली. उशी डोक्याखाली घेतली.

"मी इथी झोपतो," तिने सांगितलं. "तुमी तुमच्या घरात. तुमचे लय हाल झाले."

घर मोहाच्या झाडाखाली उभं केलं होतं. उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली रात्रभर उकडत राहिलं, मोहाची फुलं त्यावर टपटप पडत राहिली, आणि फुलं खायला जे येतं ते आलं. यावेळी ते डुक्कर नव्हतं. त्याने घराला अंग घासलं तेव्हा घर चाकांवर पुढेमागे झालं. बाबूभाईंनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून पहाट केली.

सकाळी ते धावत पडवीत आले. हाजरा बायांच्या हातात बांगड्या भरत बसली होती. भोवती दाटी झाली होती, आणि प्रत्येक हात ती उलटासुलटा करून पाहत होती.

"अस्वल आलं होतं," बाबूभाई म्हणाले. "खरंखुरं. दारावर नखं उमटली हायेत, येऊन पाय."

"हो का," हाजरा म्हणाली. "तळपाय हुंगले का नाई मंग?"

तिने मान वर केली नाही.

परतताना प्रश्न उभा राहिला नाक्याचा. भैयाजी शब्दाचे पक्के होते. घरातलं सागवान काढून ठेवावं, तर बाकी उरत होती दोन चाकं आणि एक पत्रा. म्हणून घर इरुमगुड्यातच राहिलं, मोहाखाली, पिवळ्या पडद्यासकट. आता दर फेरीला हाजरा सोबत असते. जीपमध्ये पुढे बसते, नाक्यावर भैयाजींना सलाम करते, आणि रात्री सोमारीच्या पडवीत खाटेवर झोपते. बाबूभाई घरात झोपतात. घर आहे म्हटल्यावर बाहेर झोपायला कारण काय सांगणार?

सावलीला परत आले की गल्ली अजून जमते. बाबूभाई अस्वलाचं सांगतात. कसं घर हललं, कसा पत्रा वाजला, दारावर कशी नखं उमटली. आता त्यातला शब्दन् शब्द खरा असतो, म्हणून सांगताना त्यांचा आवाजही कापतो. लोक ऐकून घेतात आणि हाजराकडे पाहतात.

"काई नाई," हाजरा म्हणते. "मस्त सागवानाच्या घरात झोपतात."

मग ती पातेल्यात पळी फिरवते, नळीचं हाड शोधून काढते आणि स्वतःच्या ताटात वाढून घेते.