एका ओळीत न मावलेलं गाव

या माउली, जरा पुढं सरका. कीर्तनकार बुवांचा चहा होईपर्यंत एक गोष्ट सांगतो.

परवाच्या महापुरात शिरोळकडच्या आमच्या वाडीला पाण्यानं वेढा घातला. वीज गेली, मोबाइल बंद, अख्खी वाडी शाळेच्या गच्चीवर. त्यात बायडाबाई. साखरेचा आजार, इन्सुलिन संपलेलं, तहान काही थांबेना.

पण देवानं सोय ठेवली होती. बायडाबाईची भाची तेजस्वी गडहिंग्लजहून आली होती, ती इथंच अडकली. तिच्याजवळ तिचा हौशी रेडिओ, हॅम म्हणतात तो, परवान्यासकट.

ती म्हणाली, "आत्ता वरनं उपग्रह जाईल. मी लॅपटॉपवर लिहिते, रेडिओ ते वर पाठवतो, उपग्रह खाली कोल्हापुरात टाकतो. तिथं कसबा बावड्यात माझ्यासारखाच रेडिओवाला ऋतुराज ऐकत बसलेला असतो. उपग्रह मावळेपर्यंत कुणीतरी अँटेना त्याच्याकडं धरा. आणि एका वेळी एकच ओळ मावते."

उंच म्हणून अँटेना सरपंच विजयसिंहांच्या हाती दिली. त्यांना माइकच हातात आल्यासारखं झालं.

"संदेश कुणाच्या वतीनं?"

"गावाच्या, मामा."

"गावाला तोंड असतंय व्हय? माझं नाव घाल. आधी कार्यसम्राट लाव."

डेअरीचे चेअरमन गुंडूअण्णा उठले. "मग आमी काय पुरातनं वाहून आलोय?"

"मामा, बोट मागायची हाय, फ्लेक्स न्हाय लावायचा."

"नाव न्हाय तर अँटेना न्हाय," म्हणत विजयसिंहांनी हात खाली घेतला.

उपग्रह चढत होता. तेजस्वीनं निमूट टाइप केलं. दोघांची नावं पदव्यांसकट बसली, ओळ भरली, तेव्हा अँटेना वर गेली. उत्तर लगेच आलं: "मिळाला. हार्दिक अभिनंदन. वाढदिवस कुणाचा?"

दुसरी ओळ लिहीपर्यंत उपग्रह उसामागं गेला. पुढची फेरी दीडेक तासानं.

देवाला हाक मारायला एक नाव पुरतं, असं बुवा सांगतात. आमच्या गावाला पुरत नाही.

गुंडूअण्णा उगीच वाकून पाणी बघत राहिले. एवढ्यात बायडाबाईंचा आवाज आला. विजयसिंहांची ती सख्खी चुलती. "विज्या, पाणी दे रं."

त्यांनी तांब्या लावला. तो रिकामा झाला. "अजून दे," म्हणता म्हणता तिचे डोळे मिटले. कार्यसम्राट तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले.

पुढच्या फेरीला अँटेना त्यांनी आपणहून उचलली. "पोरी, शाळा लिही. इन्सुलिन लिही. बोट लिही."

"आणि तुमचं नाव?"

"बघ, जागा उरली तर."

जागा उरली होती. तेजस्वीनं ती तशीच सोडली.

बोट आली. तिच्या तोंडावर कुणा नेत्याचा फोटो एवढा मोठा, की बायडाबाईंना त्याच्या कडेनं तिरकं करून आत घ्यावं लागलं. पण बाई वाचल्या. पाणी ओसरल्यावर सत्कार झाला. सरपंच, चेअरमन, फोटोवाले नेते, सगळ्यांना शाल आणि नारळ. आभार उपग्रहाचेही मानले. तेजस्वी तेव्हा गडहिंग्लजला आपल्या वर्गात शिकवत होती. तिचं नाव राहून गेलं.

तेव्हा माउली, आता आरतीला हात जोडाल तेव्हा तिची आठवण ठेवा. नुसतं तेजस्वी म्हणा. पुढंमागं काही लावू नका, ओळ भरते.