साहेबांनी घासलेला टब

कार्यशाळेच्या दारात चपलांचा ढीग आणि आत मुंगीलाही शिरायला जागा नाही. समज कमी म्हणून जगाने बाजूला सारलेली तरुण मुलंमुली इथे मेणबत्त्या करायची. आज मेणबत्त्या राहिल्या कोपऱ्यात आणि मधोमध आला प्लॅस्टिकचा टब. त्यात विजेचं एक यंत्र सोडलेलं, शेजारी एका मुलीचे पाय होते, आणि पाणी बघता बघता तपकिरी होत होतं. मुलांच्या आया टबाभोवती दाटीने उभ्या होत्या.

"हे विष लहानपणी टोचलेल्या लशीचं," पायांतून विष काढून देतो म्हणून आलेला पांढऱ्या कोटातला शुद्धीवाला म्हणाला. "यानेच तुमची मुलं अशी झाली. आता पुन्हा टोचलंत, तर माझ्याकडे येऊ नका."

शेजारच्या खोलीत नर्स गोवराची लस घेऊन सकाळपासून ताटकळली होती. तिच्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. गेल्या थंडीत याच कार्यशाळेतली लस न घेतलेली एक मुलगी गोवराने गेली होती. तिचं स्टूल अजून भिंतीशी होतं, पण आज त्याच्याकडे कोण बघतो!

पुढचा नंबर साहेबांचा. कपावर डाग दिसला की तो परत घासायला लावणार, म्हणून या पंचविशीतल्या गड्याला सगळे साहेब म्हणत. तान्हा असताना त्याला लस टोचायला आईच घेऊन गेली होती. पुढे तो उशिरा चालला, उशिरा बोलला, तेव्हा सासूने तिला सुनावलं होतं, तूच पोराचं वाटोळं केलंस. ते बोलणं ती आजवर गिळत आली होती, आणि त्यानंतर त्याला एकही लस दिली नव्हती. आज या मेल्याने त्यावर शिक्काच मारला.

टब घासायला मात्र शुद्धीवाल्याने साहेबांनाच फुकटात जुंपलं होतं. साहेबांनी टब लख्ख घासला, पाणी भरलं, सकाळपासून बघितलं होतं तसं मीठ टाकलं, यंत्र सोडलं, बटण दाबलं. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले. त्यांना नाड्यांना वेळ लागतो. मान वर केली तर पाणी तपकिरी.

"मी घासलं होतं," साहेब संतापले. "कोणाचे पाय नाहीत. घाण कुठून आली?"

शुद्धीवाला हसला. या बिचाऱ्याला काय कळतंय, म्हणाला, यंत्राने खोलीतल्या हवेतलं विष ओढलं.

"मघाशी तर पायांतून येत होतं," आई म्हणाली.

कार्यशाळा चालवणाऱ्या बाईंनी प्लग काढला आणि यंत्र उचललं. आत लोखंडी सळया होत्या. बोट फिरवताच गंज हाताला लागला. "मिठाच्या पाण्यात यातून वीज सोडली की गंज सुटतो," त्या म्हणाल्या. "पाय बुडवा नाहीतर बटाटे बुडवा, पाणी असंच होणार."

शुद्धीवाल्याने गाशा गुंडाळला. जाताना कोटाचीही आठवण राहिली नाही.

"म्हणजे माझ्या हातून काही झालं नव्हतं?" आईने विचारलं.

"नाही. लशीने कोणी असं होत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीशी असलेल्या स्टुलाकडे बघितलं. "लस न दिल्याने काय होतं, ते आपण बघितलंय."

आई त्या स्टुलाशी उभी राहून पोटभर रडली. मग लेकाला घेऊन शेजारच्या खोलीत गेली. नर्सने टोचू का म्हणून तिला विचारलं.

"त्याला विचारा," ती म्हणाली. "दंड त्याचा आहे."

"सुई स्वच्छ आहे?" साहेबांनी विचारलं. नर्सने बंद पाकीट दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट तपासलं आणि बाही वर केली. मागे रांग लागायला लागली होती.

कोणी डोळ्यांसमोर चमत्कार करून दाखवला, तर हात जोडायची घाई करू नका. आधी पाय बाहेर काढा, आणि पाणी पुन्हा एकदा बघा.