ताप उतरला तेव्हा

ताप उतरला, म्हणून खाली लहान मुलांच्या वॉर्डात सासूबाईंनी हुश्श केलं. वर प्रयोगशाळेत मात्र त्यांची सून पुन्हा पुन्हा तेच रक्त तपासत होती.

ती रक्त तपासणारी. सोळा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या पेशी मोजण्यात गेली. घरच्या माणसाच्या रक्ताची काच आपण वाचायची नाही, हा तिथला नियम. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. आज तिने तो धाब्यावर बसवला. काच तिच्या चार वर्षांच्या चिंगीची होती आणि चिंगीच्या उजव्या फुप्फुसात न्यूमोनियाच्या जंतूंनी ठाण मांडलं होतं.

शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, एरवी दोन मिनिटांचं काम. आज अख्खी काच पालथी घातली तरी बेचाळीसच सापडल्या, त्यातल्या निम्म्या कोवळ्या. काल याच रक्तात पेशींची झुंबड होती. जंतूंशी झुंजायला त्या फुप्फुसात धावल्या, तिथेच खपल्या, आणि आता हाडांतली मज्जा हाताला लागेल ते कच्चंबच्चं पाठवत होती. ताप उतरला कसला! अंगात ताप आणायचंही त्राण उरलं नव्हतं पोरीच्या.

पण तिचा स्वतःवर विश्वास बसेना. आईचे डोळे, त्यांना भलतंसलतंच दिसणार! तिने दुसरी काच केली, मग तिसरी. कुणाला दाखवावी, तर नियम मोडल्याचं सांगावं लागणार. अर्धा तास गेला. आकडा काही वाढला नाही.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "अगं, ताप गेला! डॉक्टरीणबाई म्हणतायत, ऑक्सिजन काढून साध्या खोलीत हलवू. अंग कसं गारगार लागतंय!"

"हलवू देऊ नकोस!" ती किंचाळली आणि कागद मुठीत धरून जिन्याकडे धावत सुटली.

डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला. चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "कधी कळलं?"

"अर्ध्या तासापूर्वी."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चिंगीला अतिदक्षता विभागात हलवलं, औषधं बदलली, आणि तो अर्धा तास आईच्या काळजाला डसत राहिला.

पुढचे दोन दिवस तिने चिंगीच्या कपाळावरचा हात काढला नाही. कपाळ थंड. साऱ्या आया ताप जावा म्हणून देव पाण्यात ठेवतात, ही बाई तो यावा म्हणून विनवत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या तळव्याला ऊब लागली. तिला वाटलं, भास. मग चटका बसू लागला. सासूबाईंनीही नातीच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अगं बाई, पुन्हा चढला की गं!"

"चढू द्या, आई," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "चढू द्या."