सात नंबरचा खिळा

मायशा फळ्याकडे झेपावली, तशी रउफाने तिला कमरेवर घट्ट धरलं. नऊ महिन्यांच्या लेकीला फळ्यावरचा लाल बिल्ला रोज लागायचा. समुद्रात बुडी मारायला निघालेल्याने आपला बिल्ला खिळ्यावरून काढून न्यायचा, परतल्यावर लावायचा. बाकीचे सगळे निळे. सात नंबरचा तेवढा तिच्या बापाने, नाजिमने, तिच्यासाठी लाल रंगवलेला.

मायशाच्या हाताला नुसता खिळा लागला. ती रडू लागली.

रउफाने घड्याळ पाहिलं. पाच वाजून पाच. दोन्ही बोटी चारच्या आतच धक्क्याला लागल्या होत्या. बुडीला आलेले पाहुणे तिने तळलेल्या माशाच्या करंज्या खात बसले होते.

"जौफरबे, नाजिम कुठाय?"

म्हातारा नाखवा दोर गुंडाळत होता. "इलियासच्या बोटीतून आला ना."

इलियासने करंजी तोंडापाशीच थांबवली. "माझ्या? पाहुण्यांना वर पाठवून तो तुमचा अडकलेला दोर सोडवायला खाली गेला. मला वाटलं, तुमच्यातच चढला."

प्रवाळातल्या खिंडीत दोन बोटी असल्या की पाण्यातला शेवटचा माणूस जवळची बोट धरायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. दोघेही नाखवे फळ्याकडे वळले.

सकाळी याच धक्क्यावर नाजिम सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बोट लागली रे लागली की ही फळ्यापाशी. एक दिवस तरी बघू नकोस, बाई."

"अरे, त्या फळ्याशीच निकाह लावून द्या तिचा," इलियासने पुस्ती जोडली होती. सगळे हसले होते. म्हणून आज रउफा फळ्याकडे पाठ करून करंज्या तळत बसली होती. एकदाही वळली नव्हती.

बोटींची इंजिनं सुरू झाली. मायशाला कडेवर घेऊन ती धक्क्याच्या टोकापर्यंत धावली.

"खिंडीत शोधू नका! दोन तास झालेत. या दिवसांत पाणी बाहेर ओढतं, पश्चिमेला सरळ बाहेर जा!"

"तू आम्हाला समुद्र शिकवू..." जौफरबेने वाक्य अर्धवट टाकलं आणि बोट पश्चिमेला वळवली.

शेजारची अझीमा सरबत घेऊन आली. "बस गं घटकाभर."

रउफा बसली नाही. ती ओठांतल्या ओठांत हिशेब करत होती: अर्धा मैल, मैल, दीड. पोहायला लागला असेल तर दमेल. दमला तर... पोरीचं झबलं तिच्या मुठीत इतकं आवळलं गेलं की अझीमाने एकेक बोट सोडवून मुलीला घेतलं.

मगरिबची बांग झाली. पाणी तांबूस होऊन काळवंडत चाललं, तेव्हा जौफरबेची बोट दिसली, मागून इलियासची. हात कुणीच हलवत नव्हतं. रउफाने दोन्ही हातांनी धक्क्याचा खांब धरला.

नाजिम दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उतरला. ओठ मिठाने पांढरे पडलेले. घराकडे न वळता तो फळ्यापाशी आला. दोनदा खिळा हुकला. इलियासने मदतीला हात पुढे केला, तो त्याने झटकला. लाल बिल्ला लागला तेव्हा तो खालीच बसला.

"पोहलोच नाही," त्याने रउफाकडे बघितलं. "खुणेचा नारिंगी फुगा फुगवला आणि धरून पडून राहिलो. म्हटलं, जीव कशाला दमवायचा? बोटी लागतील, रउफा फळा बघेल. चारला हिला कळेल, साडेचारला बोटी दिसतील." तो हसायला गेला, पण खोकलाच आला. "पाच वाजले, साडेपाच झाले. मग वाटलं, माझं घड्याळच पुढे गेलंय."

इलियासने मान खाली घातली. जौफरबे दोर बांधायला निघून गेला.

"असेल," रउफा म्हणाली, आणि सरळच लटकणारा बिल्ला तिने पुन्हा सरळ केला.