कचरा की बोया?

मी बाटली बोलतेय. रिकामी बाटली. तुम्ही म्हणाल, रिकाम्या बाटलीकडे सांगण्यासारखं असून असून काय असणार? मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या मार्चमध्ये एकाच दिवशी मला एकीनं कचरा म्हटलं आणि दुसऱ्यानं छातीशी धरलं. तेव्हापासून माझा जो गोंधळ उडालाय, तो अजून निवळलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. कुठल्या, ते विचारू नका. आम्ही हजारोंनी एकदम जन्मतो, कोण कुणाचं हे कुणालाच ठाऊक नसतं. पोटात ब्लीच भरलं, डोक्यावर निळं झाकण बसवलं आणि जहाजातून मला कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर धाडलं. तिथल्या आन्स क्लेमाँ गावातल्या एकुलत्या एका दुकानात मी साबणाच्या वड्यांशेजारी दीड महिना उभी होते. मग फिलोमीननं मला घरी नेलं.

फिलोमीन ही अँसेल्म कोळ्याची बायको. चर्चच्या वेदीवरची वस्त्रं धुवायचं काम तिच्याकडे. ती वस्त्रं पाहून पाद्रीबाबा म्हणायचे, "फिलोमीन, सकाळच्या उन्हात लोक डोळे मिटतात ते प्रार्थनेसाठी की तुझ्या धुण्यामुळे, हे मला अजून कळलेलं नाही." त्या पांढरेपणात माझा वाटा होता, आणि खरं सांगते, मला त्याचा ताठा होता. पण दर धुण्याला मी हलकी होत गेले. एके दिवशी तिनं मला उलटी धरून झटकलं तर थेंबही पडला नाही. संपलं आपलं, असं मी मनाशी म्हटलं.

तर कसचं काय. अँसेल्मनं मला उचललं, तीनदा धुतलं, झाकण घट्ट पिळलं, गळ्याशी निळ्या रंगाचा पट्टा ओढला आणि बायकोच्या जुन्या झग्याची लाल चिंधी बांधली. "आता तू कामाची झालीस," तो म्हणाला. मी भरलेली होते तेव्हा त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हा माझा पहिला गोंधळ. सगळं जग रिकामटेकड्यांना नावं ठेवतं, आणि मला नोकरी लागली ती रिकामी झाले म्हणूनच.

काम सोपं होतं. समुद्राच्या तळाशी सापळा असतो, बांबूच्या कामट्यांचा विणलेला. मासा आत शिरतो आणि त्याला परतीची वाट सापडत नाही. सापळ्याला लांब दोरी आणि दोरीच्या वरच्या टोकाला मी. आपण नुसतं तरंगायचं. मी तरंगतेय त्याच्या खाली सापळा आहे, एवढंच सांगायचं. याला बोया म्हणतात.

गावात एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. दुसऱ्याच्या बोयाला हात लावायचा नाही. निळा पट्टा, लाल चिंधी म्हणजे अँसेल्म. पिवळा तेलाचा डबा म्हणजे त्याचा दोस्त कटबर्ट. चाळीस वर्षांपूर्वी एकानं दुसऱ्याचा बोया ओढला होता. तो माणूस मरून गेला, पण अजून त्याची नात दुकानात पीठ घ्यायला आली की कुणीतरी मुद्दाम खोकतं.

दोन वर्षं मी तरंगले. डोक्यावर पाणपक्षी बसले, उन्हानं रंग उडाला. दर तीनचार दिवसांनी अँसेल्म होडी घेऊन यायचा, मला वर घ्यायचा आणि दोरी ओढता ओढता माझ्याशी बोलायचा. घरी बोलायला मिळत नसावं. त्याच्या बोलण्यातूनच मला कळलं की सप्टेंबरच्या वादळात त्याचे तीन सापळे गेले. आणि त्याच सुमारास त्याचे हात थरथरायला लागले. पूर्वी तो आठवड्यात एक सापळा विणायचा. आता कामटी हातात धरली की कामटीच नाचायची.

"कटबर्टकडून विणून घे म्हणते बायको," तो मला म्हणाला. "कटबर्टच्या सापळ्यात मासा येतो, हवा खातो आणि घरी जातो." मग सापळा परत पाण्यात सोडला. "खालचा हा शेवटचा. हा आहे तोवर मी कोळी आहे. हा गेला की किनाऱ्यावरच्या बदामाखाली डॉमिनो खेळणारा एक म्हातारा."

पूर्वी त्याला माझी एवढी गरजही नव्हती. चर्चचा क्रूस आणि टेकडीवरचं नीरफणसाचं झाड एका रेषेत आलं की खाली आपला सापळा, अशा त्याच्या खुणा होत्या. पण गावातल्या हायसिंथबाईनं भाड्यानं राहणाऱ्या पाहुण्यांसाठी घरावर पिवळा मजला चढवला, त्यामागे क्रूस गेला. आणि पाहुण्यांना समुद्र दिसावा म्हणून नीरफणस तोडला. "आता तूच माझी खूण," अँसेल्म म्हणाला. एवढी मोठी जबाबदारी एका बाटलीवर टाकू नये, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

त्या पिवळ्या मजल्यावर मार्चमध्ये रोवेना नावाची पाहुणी उतरली. कॅनडातल्या रेजायनाची. तिथून समुद्र हजार मैलांवर, म्हणून ही इथं आल्यापासून समुद्राशी फारच प्रेमानं वागत होती. रोज सकाळी गोणी घेऊन किनाऱ्यावरचा कचरा वेचायची. बदामाखाली डॉमिनो मांडून बसलेली मंडळी बघत राहायची. पुढचं त्यांचं बोलणं अँसेल्मनंच मला सांगितलं.

"इतक्या लांबून तिकीट काढून आली," कटबर्ट म्हणाला, "ते आपला किनारा झाडायला."

"तुझं अंगण दाखव तिला," फिलोमीन म्हणाली. "परत जायचं नावच काढणार नाही."

चार दिवसांत किनारा लख्ख झाला. कचरा संपला आणि इथंच घात झाला. पाचव्या सकाळी रोवेना हायसिंथची प्लास्टिकची छोटी होडी घेऊन पाण्यात उतरली. वल्हवत वल्हवत माझ्यापर्यंत आली, मला पाहून "अरेरे" म्हणाली, फोन काढून माझा फोटो घेतला आणि मग सुरीनं दोरी कापली.

मी ओरडायचा प्रयत्न केला. पण झाकण घट्ट असलं की बाटलीला ओरडता येत नाही. दोरी माझ्या पोटाखालून सरकत खाली गेली. आणि ती बाई मला म्हणाली, "झाली तुझी सुटका." कुणाची सुटका झाली हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

किनाऱ्यावर तिनं बदामाखाली गोणी उपडी केली. दोन तुटक्या चपला, एक डबा आणि मी. "ही बघा," ती कौतुकानं म्हणाली, "भर समुद्रात तरंगत होती."

कटबर्टच्या हातातली सोंगटी हातातच राहिली. फिलोमीननं चिंधी ओळखली, तिच्याच झग्याची. त्यांचाही माझ्यासारखाच गोंधळ झाला असावा. बोयाचोर तोंड लपवून जातो, त्याला शिव्या कशा द्यायच्या हे गावाला पाठ आहे. पण ही हसत आली होती, आणि शाबासकीची वाट बघत उभी होती.

शेवटी अँसेल्म उठला. "थँक्यू, बाई," तो म्हणाला. पाहुणीला दुसरं काय म्हणणार? मग त्यानं मला उचललं, छातीशी धरलं आणि होडीच्या काठावर जाऊन पाठ फिरवून बसला. त्याचं काळीज माझ्या पोटावर धडधडत होतं. मी रिकामी असल्यानं मला ते फार मोठ्यानं ऐकू आलं.

"ते बाटली का घेऊन गेले?" रोवेनानं विचारलं. "ती मी कचऱ्यात देणार होते."

"पोरी," फिलोमीन म्हणाली, "तू दाराची पाटी काढून आणलीस. आता घर शोध म्हणावं त्याला, पाण्याखाली."

मग तिनं सगळं सांगितलं. सापळा, हात, तोडलेलं झाड. रोवेनानं खिशातून पाकीट काढलं. "मी नवीन सापळ्याचे पैसे देते," ती म्हणाली.

"दे. पण पैशानं हात थरथरायचे थांबतात का?" फिलोमीन रागानं बोलत नव्हती, खरंच विचारत होती. "आणि त्यातले मासे? सापळ्याला मालक नसला तरी तो धरतच राहतो. आत येतात, मरतात, त्यांच्या वासानं आणखी येतात. ते त्याला झोपू देणार नाही."

होडी निघाली. कटबर्ट इंजिनावर, अँसेल्म पुढं, मी तळाशी. रोवेना न विचारता चढून बसली. कटबर्टनं तोंड उघडलं तर अँसेल्म म्हणाला, "बसू दे. तिला थांबवणं आपल्याला आधी जमलं नाही, आता काय जमणार?"

दोरीला लोखंडी आकडा बांधून तो तळावरून ओढत न्यायचा, म्हणजे कापलेली दोरी त्यात अडकेल, असा बेत होता. अँसेल्म किनाऱ्याकडे बघायचा, क्रूस शोधायचा, तिथं पिवळी भिंत दिसायची. "इथंच," तो म्हणायचा. आकडा वर आला की शेवाळ. "नाही, इथं." पुन्हा शेवाळ. सातआठ वेळा असं झालं. कटबर्ट थट्टा करायचा थांबला, तेव्हा मात्र मी घाबरले.

"मला आता आठवत नाही," अँसेल्म हळू आवाजात म्हणाला. या दोन वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला फार वाईट वाटलं. मी त्याची खूण होते ना, आणि त्याच्या पायाशी लोळत होते.

तेवढ्यात रोवेना चाचरत म्हणाली, "माझ्याकडे फोटो आहे. हिचा. म्हणजे... कचऱ्याचा. उचलण्याआधी काढते मी, घरी दाखवायला."

पाहुण्यांच्या फोटोंची अँसेल्मला नेहमी चीड. पण त्यानं फोन घेतला, हात लांब करून धरला. मी जरा सावरून बसले. आयुष्यातला माझा पहिलाच फोटो होता. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्या मागं बघत होता. मागं किनारा होता.

"शाळेची पाण्याची टाकी," तो पुटपुटला. "हायसिंथच्या पिवळ्या भिंतीनं अर्धी कापलीय. आणि धक्क्यावरचा दिवा काळ्या खडकाला टेकलाय." त्याचा आवाज बदलला. "कटबर्ट, डावीकडे घे. टाकी अजून पुरती दिसतेय. घे... घे... आता अर्धी. बाहेर चल, दिवा टेकू दे. बास." मग त्यानं पाण्याकडे पाहिलं. "प्रवाह उत्तरेला आहे. बाटली तिकडं ओढली असणार. सापळा दहा वाव दक्षिणेला."

तिसऱ्या फेरीला आकडा जड झाला. कापलेली दोरी वर आली आणि तिघांनी ओढायला घेतली. तेव्हा मला एक दिसलं. ताणलेल्या दोरीवर अँसेल्मचे हात थरथरत नव्हते. रोवेनाच्या तळव्यांची सालं निघाली, तरी तिनं सोडलं नाही. सापळा पाण्याबाहेर आला तेव्हा आत तांबोशी मासे फडफडत होते आणि दोन शेवंडी, लॉब्स्टर म्हणता तुम्ही त्या, मिशा हलवत होत्या. सगळे जिवंत होते. अँसेल्मनं सापळ्याच्या कामटीवरून हात फिरवला आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

त्यानं एक शेवंड रोवेनापुढं ठेवली. "दोरीला हात लावला त्याचा वाटा."

"मी कशी घेऊ? माझ्यामुळेच तर..."

"वाटा नाकारायचा नसतो," कटबर्ट म्हणाला. त्याला वाचा फुटली होती. "आमचा एक कायदा आज मोडलास. दुसरा उद्यासाठी ठेव."

मला परत बांधायचं काम अँसेल्मनं रोवेनालाच दिलं. तीन गाठी चुकल्या, चौथी बसली. पाण्यात टाकण्याआधी तिनं मला 'सॉरी' म्हटलं. बाटलीला कुणी सॉरी म्हणतं का? पण म्हणाली.

एवढं झाल्यावर माझा गोंधळ मिटायला हवा होता. पण मे महिन्यात रेजायनाहून खोकं आलं. त्यात केशरी रंगाचा, दुकानातला खराखुरा बोया होता. अँसेल्मनं तो दोन दिवस मांडीवर घेऊन पाहिला आणि पडवीत खिळ्याला टांगला. "इतकी देखणी वस्तू पाण्यात कोण घालतं?" म्हणाला. म्हणजे जिला कचरा म्हटलं ती समुद्रात राबतेय आणि जो कामासाठी जन्मला तो भिंतीवर शोभेला. आता तुम्हीच सांगा, यात कोण काय आहे?

सध्या ऑगस्ट आहे. वादळांचे दिवस आणि सापळा एकच उरलेला, म्हणून यंदा तो अंगणात आणि मीही पडवीत, त्या केशरी साहेबांच्या शेजारच्या खिळ्यावर. आम्ही बोलत नाही. माझ्या बुडाला बारीक चीर गेलीय. शेवटच्या महिन्यात रोज चमचाभर पाणी आत यायचं. अँसेल्मनं चिरेवर डांबर लावलंय. पण लावताना त्याची बोटं थरथरली, अर्धं बाजूलाच गेलं, आणि ते त्यालाही दिसलं. वादळं सरली की नोव्हेंबरात तो मला उचलेल की शेजाऱ्याला, मला ठाऊक नाही. भरलेली होते तेव्हा कामाची, मग रिकामी झाले म्हणून कामाची, आणि आता पुन्हा भरले की बुडणार. हे गणित माझ्या डोक्यात बसत नाही.

तरी एक मागणं आहे. तुम्ही कधी कुठल्या किनाऱ्यावर पाहुणे म्हणून गेलात आणि पाण्यात माझ्यासारखी कुणी दिसली, तर आधी तिच्या गळ्याकडे बघा. दोरी असेल तर हात लावू नका. फोटो हवा तर खुशाल काढा. फक्त मागचा किनारा नीट येऊ द्या.